नमुन्याप्रमाणे एक खुर्ची

थंडी संपली की माणसानं स्वतःमध्ये काहीतरी बदल करावा, असं बाकमास्तरांच्या ताईचं ठाम मत होतं आणि दर वर्षी ती ते फोन करून कळवत असे. एका वर्षी तिनं त्यांना पहाटे फिरायला जायला सांगितलं. मास्तर दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी रस्त्यातल्या सगळ्या कुत्र्यांनी मिळून त्यांचा निर्णय बदलला. पुढच्या वर्षी तिनं कुंडीत काहीतरी लावायला सांगितलं. कुंडी अजून बाल्कनीच्या कोपऱ्यात आहे, पण तिच्यात काय लावलं होतं ते आता मास्तरांनाही सांगता येत नाही. या वर्षी मात्र ताई गंभीर होती. ती म्हणाली, झाडं बघ, जुनी पानं टाकून नवी आणतात, आणि तू सतरा वर्षं एकाच खुर्चीत बसून आहेस. संध्याकाळी कुणाशी बोलतोस तरी का?

"बोलतो की," मास्तर म्हणाले.

"कुणाशी?"

मास्तरांनी जरा आठवून पाहिलं. "दूधवाल्याशी."

"दूधवाला सकाळी येतो," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

बाकमास्तर हे काही खरे मास्तर नव्हेत. एका मोठ्या कॉलेजच्या परीक्षा विभागात ते कारकून होते आणि एकतीस वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं, ते म्हणजे परीक्षेला कोण कुठे बसणार हे ठरवणं. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत चार फूट अंतर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि शेजारच्याशी बोलायची सोय कुठूनही नाही. पेपर सुरू झाला की तेच हॉलमध्ये मागे उभे राहून नजर ठेवत आणि शेवटी उरलेली वेळ पुकारत. बाकांवर खडूनं नंबर घालताना पाहून मुलांनीच कधीतरी त्यांचं हे नाव ठेवलं आणि मग प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी ते उचललं. मास्तरांना आपल्या कामाचा अभिमान होता. त्यांच्या हॉलमध्ये तीनशे माणसं तीन तास बसत आणि कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नसे. घरी तर ही व्यवस्था काही न करताच होत असे, कारण घरी ते एकटेच होते. लग्नाचं राहून गेलं होतं. म्हणजे कुणी नको म्हटलं होतं असं नाही, पण कुणी विचारलंही नव्हतं, आणि न विचारता उत्तर द्यायची मास्तरांना सवय नव्हती.

ताईच्या फोननंतर दोनच दिवसांनी मास्तर संध्याकाळी कामावरून येत होते, तर तळमजल्यावरचे टपालकाका फाटकापाशी मान वर करून उभे. टपालकाका म्हणजे निवृत्त पोस्टमन. इमारतीसमोरच्या झाडाला नवी पालवी फुटली होती, तांबूस, अगदी कोवळी, आणि उन्हात ती चमकत होती. काका म्हणाले, आमच्या खिडकीतून नुसतं खोड दिसतं हो. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून तर सगळं झाड समोर येत असेल.

"या की एकदा बघायला," मास्तर म्हणाले. हे वाक्य आपण म्हणालो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही.

"येतो," काका लगेच म्हणाले. "उद्याच येतो. पस्तीस वर्षं लोकांच्या दारात गेलो, पण आत येऊन बसा म्हणणारे मोजकेच."

मास्तर जिना चढून वर आले, कुलूप उघडलं, बाल्कनीत गेले आणि दारातच थांबले. बाल्कनीत खुर्ची एकच होती. घरातही खुर्ची एकच होती, कारण ती हीच होती. वेतानं विणलेली, दोन हातांची, डावा हात जरा ढिला. आजवर हे त्यांच्या लक्षात न येण्याचं कारण साधं होतं. त्यांच्याकडे येणारी माणसं उभ्यानंच काम करून जात. गॅसवाला उभा राहतो, मीटर वाचणारा तर धावतच असतो, आणि ताई दोन वर्षांतून एकदा येते ती पलंगावर बसते. पलंग बाल्कनीत नेता येईल का, हे मास्तरांनी टेप लावून पाहिलं. दार चार इंचांनी कमी पडत होतं.

तेव्हा दुसऱ्या दिवशी ते सेक्रेटरींकडे गेले. इमारतीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत आणि सोसायटीच्या सभेच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्यांच्या ताब्यात असत. त्यांनी खुर्ची कशासाठी हवी असं विचारलं. मास्तर म्हणाले, बसायला. सेक्रेटरींनी हे उत्तर थोडं संशयानंच ऐकलं, पण खुर्ची दिली आणि साडेसातच्या आत परत आणून द्यायला बजावलं.

आता खुर्च्या मांडायच्या होत्या आणि या विषयात तर मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाल्कनी तीन फूट रुंद आणि अकरा फूट लांब. मास्तरांनी टेप काढला, खडू काढला, जमिनीवर खुणा केल्या. झाड नीट दिसावं म्हणून पाहुण्याची खुर्ची पुढे ठेवली. आपली तिच्यामागे, मध्ये बरोबर चार फूट. दोन्हींची तोंडं एका दिशेला. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी मांडणीकडे पाहिलं आणि त्यांना समाधान वाटलं.

सात वाजायला अर्धा तास असताना टपालकाका आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मास्तरांनी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे बसले. थोडा वेळ काकांनी झाड पाहिलं. मग काहीतरी बोलावं म्हणून ते मागे वळले, तर मास्तर त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. यात मास्तरांचा दोष नाही. हॉलमध्ये कुणी मान वळवली की त्याच्याकडे तसं पाहायचं, ही एकतीस वर्षांची सवय. काकांनी मुकाट्यानं तोंड पुढे केलं. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. मास्तरांना खूप बोलायचं होतं. या पालवीचा रंग चार दिवसांत बदलतो हे सांगायचं होतं, काकांना त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी विचारायच्या होत्या, पण पुढच्या माणसाच्या पाठीशी कसं बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. सव्वासात झाले, खाली खुर्ची परत करायची वेळ जवळ आली, आणि मास्तरांच्या तोंडून त्या संध्याकाळचं पहिलं वाक्य गेलं.

"शेवटची पंधरा मिनिटं."

टपालकाका ताडकन उठले. "झाड छान आहे," ते म्हणाले आणि निघून गेले. मास्तर खुर्ची घेऊन त्यांच्यामागून जिना उतरले, तेव्हा काकांचं दार लागलेलं होतं.

त्या दिवशी मास्तरांना फार वाईट वाटलं. जेवणातही लक्ष लागलं नाही. आपलं काहीतरी चुकलं हे त्यांना कळत होतं, पण काय चुकलं याचा शोध घेताना माणूस शक्यतो स्वतःपासून सुरुवात करत नाही. मास्तरांनी खुर्चीपासून केली. दोष सगळा त्या पांढऱ्या प्लॅस्टिकचा, असं त्यांनी ठरवलं. एक खुर्ची वेताची, एक प्लॅस्टिकची. पाहुण्याला आपण सोसायटीच्या सभेला आलोय असं वाटणारच. दोन्ही खुर्च्या एकसारख्या असत्या तर बोलणं आपोआप झालं असतं. म्हणजे उपाय एकच. या खुर्चीची जोडी करायची. पालवी आहे तोवर काकांना पुन्हा बोलवायचं आणि या वेळी सगळं रीतसर करायचं.

कोपऱ्यावरच्या सुताराला खुर्च्या नव्यानं करायची फारशी हौस नव्हती. त्याचा धंदा दारं घासण्याचा. पावसात फुगलेली दारं तो वर्षभर घाशीत असे. पण मास्तरांनी खुर्ची खांद्यावर टाकून दुकानात आणली आणि हातात एक कागद दिला, त्यामुळे त्याचा नाइलाज झाला. तोंडी काम मास्तरांना पसंत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं: नमुन्याप्रमाणे एक खुर्ची बनवणे. नमुना व प्रत यांत कोणताही फरक असल्यास स्वीकारली जाणार नाही. खाली सही, तारीख. सुतारानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, अगदी तशीच ना? मास्तर म्हणाले, तंतोतंत. मग नमुना इथेच ठेवून जा, सुतार म्हणाला, आठ दिवस लागतील.

अशा रीतीनं एका खुर्चीच्या दोन करायला निघालेले मास्तर शून्य खुर्च्या घेऊन घरी आले. त्या संध्याकाळी ते बाल्कनीत उभेच राहिले. दुसऱ्या मजल्यावर शिवणवाल्या वहिनी राहतात. त्या कपडे शिवतात आणि शिवता शिवता त्यांना खिडकीतून आख्खी इमारत दिसते. कठड्याला टेकून तासभर उभा असलेला माणूस पाहून त्यांच्या मनात नाही नाही ते आलं आणि हातातली कात्री तशीच घेऊन त्या वर आल्या.

"भावोजी, बरं नाही का?"

मास्तर म्हणाले, बरा आहे, खुर्ची नाही म्हणून उभा आहे, दुसरी करायला दिली आहे. इथे त्यांनी थांबायला हवं होतं, पण वहिनींनी विचारलं, दुसरी कशाला, कोण येणार आहे? आणि मास्तर हे खोटं न बोलणारं माणूस. टपालकाका आता पुन्हा येतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून त्यांनी खरं ते सांगितलं, अजून नक्की नाही.

सुतावरून स्वर्ग गाठणं हे तर वहिनींच्या हातचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मास्तर या वयात लग्न करताहेत हे इमारतीत पक्कं झालं, आणि संध्याकाळपर्यंत बाई कुठली, आधीची मुलं किती, इथपर्यंत तपशील तयार होता. सगळ्यांत आधी सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात एक छापील अर्ज होता: सदनिकेतील व्यक्तिसंख्येत वाढ झाल्याबाबत. इमारतीत पाणी माणशी मोजून सुटतं, तेव्हा हा अर्ज भरल्याशिवाय वाढीव माणूस आणता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. मास्तर म्हणाले, माणूस वाढलेला नाही, खुर्ची वाढते आहे. सेक्रेटरी म्हणाले, खुर्ची आली म्हणजे माणूस येणारच, कोण उगाच खुर्ची करून ठेवतो? या युक्तिवादात काहीतरी खोट होती, पण ती मास्तरांना सापडेना, आणि अर्ज समोर आला की तो भरायचा हा त्यांचा धर्म. त्यांनी पेन काढलं. वाढीव व्यक्तीचं नाव: अद्याप निश्चित नाही. वय: लागू नाही. अर्जदाराशी नातं, या रकान्यापाशी ते बराच वेळ अडले. मग त्यांनी लिहिलं: बसण्यापुरतं.

सेक्रेटरींनी अर्ज वाचून परत दिला. तो असा मंजूर करता येणार नव्हता. शेवटी तोडगा निघाला तो असा, की मास्तरांनी हमीपत्र लिहून द्यावं. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की माझ्या बाल्कनीत ठेवण्यात येणाऱ्या दुसऱ्या खुर्चीवर कोणीही कायमस्वरूपी बसणार नाही. सही करताना त्यांचा हात किंचित थांबला. त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं, त्यात चूक काहीच नव्हती, म्हणून सही केली.

पण अर्ज फेटाळला म्हणून लोक यायचे थांबले नाहीत. लग्न नाही हे कळल्यावर उलट उत्साह वाढला. लग्न असतं तर लोकांनी मागून बोलून घेतलं असतं. खुर्ची म्हटल्यावर सल्ला द्यायला सगळे मोकळे. सेक्रेटरींचं म्हणणं, वेत नको, त्यात ढेकूण होतात. वहिनी म्हणत, ढेकूण वेतात होत नाहीत, आळशी माणसाच्या घरी होतात, तुम्ही गादी शिवून घ्या. समोरच्या दारात राहणारं तरुण जोडपं आपसात भांडतच आलं. तिला घडीची खुर्ची बरी वाटत होती, त्याला लोखंडी. रोज संध्याकाळी सहा वाजले की मास्तरांच्या घरात चार-पाच माणसं असत आणि पलंगाशिवाय बसायला काही नसल्यामुळे सगळी उभी असत. उभ्या माणसांना एक सोय असते. आपण जास्त वेळ बसलो असं त्यांना वाटत नाही. त्यामुळे आठ-आठ वाजेपर्यंत कुणी हलत नसे. मास्तरांकडे कप चारच. ते दोन पाळ्यांत चहा करीत, कप विसळून पुन्हा भरीत, आणि यातून आपल्या घराचा बाजार झाला आहे असं मनात म्हणत.

एके दिवशी टपालकाकाही आले आणि दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहिले. मास्तरांनी त्यांना पाहिलं आणि हातातला चहा सांडला. काका म्हणाले, खुर्चीचं ऐकलं म्हणून आलो. टपाल असल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायची सवय नाही हो मला, पण म्हटलं हे निमित्त बरं आहे. मग त्यांनी टेबलाखुर्चीचं एक पार्सल कुण्या डोंगरावरच्या घरात कसं पोचवलं ते सांगितलं. पार्सल उघडलं तर आत चार पाय होते आणि वरचं काहीच नव्हतं. तरुण जोडपं हसलं, वहिनी हसल्या. मास्तर स्वयंपाकघराच्या दारातून हसले, आणि आपण मोठ्यानं हसतोय हे कळून त्यांना लाज वाटली.

त्याच वेळी ताईचा फोन आला. मागचा गलका तिलाही ऐकू गेला.

"कोण आहे रे तिकडे?"

"सगळेच आहेत."

"कशाला आलेत?"

"घरात खुर्ची नाही म्हणून," मास्तर म्हणाले. याचा अर्थ ताईला लागला नाही, पण तिनं पुढे काही विचारलं नाही आणि त्या दिवशी फोनही सावकाश ठेवला.

आठ दिवसांचे बारा झाले आणि सुतार दोन्ही खुर्च्या हातगाडीवर घालून घेऊन आला. जिन्यात जमलेली सगळी मंडळी मागोमाग वर आली. नवी खुर्ची देखणी होती. मास्तर तिच्यात बसले आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मग सेक्रेटरी बसले आणि डावीकडे कलंडले. वहिनी बसल्या आणि कलंडल्या. मास्तरांनी वाकून पाहिलं. सतरा वर्षं एकच माणूस बसून जुन्या खुर्चीच्या वेताला जसा डावीकडे खड्डा पडला होता, तसाच, तेवढाच खड्डा सुतारानं नव्या खुर्चीत विणून काढला होता. डावा हातही मुद्दाम ढिला ठेवला होता.

मास्तरांनी जाब विचारला तेव्हा सुतारानं खिशातून कागद काढून पुढे केला. "तुम्हीच लिहिलंय, फरक चालणार नाही. तो खड्डा विणायला चार दिवस गेले माझे. एरवी आठात झाली असती."

"पण यात माझ्याशिवाय कुणालाच बसता येणार नाही."

"मग बसणार कोण आहे ते सांगा. त्याचं माप द्या, तसं विणतो."

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. साधाच प्रश्न होता आणि सुतारानं तो धंद्यापुरताच विचारला होता. पण माप कुणाचं द्यायचं? या घरात येऊन बसेल असं एकही माणूस त्यांना खात्रीनं सांगता येत नव्हतं. टपालकाकांचं नाव घ्यावं असं त्यांना फार वाटलं, पण एकदा बसून गेलेल्या माणसाचं नाव पुराव्याशिवाय कसं घ्यायचं. ते वेताकडे पाहत राहिले.

शिवणवाल्या वहिनींनी गळ्यातली टेप काढली. "भावोजींना काय विचारता? आमचीच मापं घ्या," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. सेक्रेटरींना भिंतीला टेकवून उभं केलं, तरुण जोडप्याला पाठोपाठ मापलं, टपालकाकांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरली, स्वतःचं माप स्वतःच सांगितलं, आणि ते खरं नाही हे सगळ्यांना कळूनही कुणी बोललं नाही. आकडे मास्तरांनी लिहून घेतले आणि त्यांची सरासरी काढली. परीक्षा विभागाच्या सवयीनं अपूर्णांक वरच्या बाजूला धरले. जो माणूस तयार झाला तो इमारतीत कुठेच राहत नव्हता, पण सगळ्यांना थोडा थोडा ओळखीचा होता. सुतार दोन्ही खुर्च्या पुन्हा घेऊन गेला. या वेळी तीन आठवडे लागतील म्हणाला, कारण मध्ये दारांची गर्दी होती.

ते तीन आठवडे मास्तरांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले. माणसं सुताराच्या दिरंगाईची चौकशी करायला येत. वाट पाहत उभी राहत. दिरंगाईवरून गोष्ट कुठल्याही विषयावर जाई. वहिनींनी आपल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवल्या. तरुण जोडपं मास्तरांच्या घरात भांडून मास्तरांच्याच घरात समेट करी. एकदा सेक्रेटरींनी गाणं म्हटलं, आणि ते फार वाईट नव्हतं. टपालकाका सगळ्यांच्या आधी येत आणि चौकटीला खांदा लावून उभे राहत. त्या जागचा रंगही थोडा गेला. मास्तर मात्र मनातून घाईला आले होते. एकदा खुर्ची आली की सगळं नीट होईल, मग काकांना व्यवस्थित बसवून बोलता येईल, असं ते स्वतःला सांगत. ते तर रोजच बोलत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

खुर्ची आली. सगळे जण पाळीपाळीनं बसले. कुणी कलंडलं नाही. वहिनींनी दोन्ही खुर्च्या बाल्कनीत नेल्या आणि मास्तर टेप शोधत होते तेवढ्यात त्यांची तोंडं एकमेकांकडे जराशी वळवून ठेवली. सेक्रेटरींनी हमीपत्राची एक प्रत मास्तरांना दिली. काम छान झालं, असं सगळे म्हणाले आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर साडेपाचलाच घरी आले. खुर्च्या पुसल्या, चहाचं आधण ठेवलं, सहा वाजता जाऊन बसले. कुणी आलं नाही. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. तिसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. त्यात कुणाची चूक नव्हती. विषय संपला होता. वहिनींकडे शिवणाची थप्पी पडली होती, तरुण जोडपं आता स्वतःच्याच घरी भांडत असावं, आणि सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलून पुढे गेले. टपालकाका फाटकापाशी दिसले.

"खुर्ची झाली ना छान?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"मग झालं," काका म्हणाले, आणि दोघंही थोडा वेळ तिथे उभे राहिले आणि मग आपापल्या दिशेला गेले.

मास्तर बाल्कनीत बसून राहत. समोरच्या झाडाची पानं आता मोठी, गडद हिरवी झाली होती. पालवी केव्हा सरली ते त्यांनी पाहिलंच नव्हतं, तेव्हा घरात माणसं होती. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि ती त्यांच्याकडे तोंड करून होती. मास्तरांना एकटं वाटलं. एकटे ते आधीही होते, पण तेव्हा त्यांना त्याची झळ लागत नव्हती. आता संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ते उगाच उठून चारही कप विसळून ठेवायचे.

बोलवावं, एवढंच करायचं होतं. मास्तर दोनदा तळमजल्यापर्यंत गेले आणि काकांच्या दारावर हात न ठेवताच परत आले. जाऊन म्हणायचं काय? नुसतं या, असं कसं म्हणायचं? का या, याचं काहीतरी कारण पाहिजे. एकतीस वर्षं त्यांनी माणसांना जागच्या जागी बसायला सांगितलं होतं. जागा सोडून माझ्याकडे या, असं एकदाच म्हणाले होते आणि त्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

सहाव्या दिवशी ते पुन्हा खाली गेले आणि विचार करायच्या आत त्यांनी कडी वाजवली. टपालकाकांनी दार उघडलं.

"खुर्ची डुगडुगतेय," मास्तर म्हणाले.

हे खोटं होतं. कॉपी करणाऱ्या मुलांचे हात त्यांनी लांबूनच ओळखले होते, आणि आता त्यांचे स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. काकांनी चष्मा घेतला, चपला घातल्या आणि ते तीन मजले चढून आले. बाल्कनीत येऊन त्यांनी आधी खुर्चीचे चारही पाय पाहिले. मग ते बसले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, पुढे सरकले, पाठ टेकून मागे रेलले. खुर्ची दगडासारखी जागच्या जागी होती. मास्तर दारात उभे होते आणि त्यांचे कान तापले होते.

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"डुगडुगतेय खरी," ते म्हणाले. "चांगलीच डुगडुगतेय. हे एका दिवसात कळायचं नाही. मला रोज येऊन बसून बघावं लागेल."

मास्तरांनी मान हलवली आणि ते चहा टाकायला आत गेले.